हिरवळीचे फिरते वैद्य

1920च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन ओपन स्पर्धा ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात, इन्व्हरनेस क्लबवर भरायची होती. क्लबच्या ग्रीन समितीचे अध्यक्ष ई. जे. मार्शल मैदानाच्या तयारीला लागले आणि गवताबद्दल विचारायचे कुणाला, या प्रश्नापाशी अडले. सल्ला देणारे रग्गड होते. पण बियाणेवाल्याचा सल्ला त्याच्या बियाण्यापाशी येऊन थांबे, खतवाल्याचा खतापाशी. 1913 साली फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या माजी कॅडीने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या ब्रिटनच्या बड्या खेळाडूंना हरवले, तेव्हापासून अमेरिकेत गोल्फचे पेव फुटले होते. मैदाने भराभर उठत होती, आणि त्यांच्यावर पोसलेला बियाण्यांचा बाजार कुणाला जाब देत नव्हता.

काही विकायचे नसलेली एकच जागा मार्शल यांना सापडली : वॉशिंग्टनचे कृषी खाते. तिथे चार्ल्स पायपर आणि रसेल ओकली हे दोन शास्त्रज्ञ होते. दोघेही चाऱ्याच्या पिकांतले जाणकार. सुदान गवत अमेरिकेत आणले ते पायपर यांनी, आणि विल्यम मोर्स यांच्यासोबत सोयाबीनवरचा जाडजूड ग्रंथ लिहिला तोही त्यांनीच, 1923 साली. मराठवाड्यात आणि विदर्भात आज सोयाबीनचे जे पीक उभे असते, त्याच्या शास्त्राच्या पायाभरणीत या माणसाचा हात आहे. गुरांच्या चाऱ्याचा अभ्यासक श्रीमंतांच्या खेळाकडे वळला कसा? पत्रांमुळे. फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबचे ह्यू विल्सन 1911पासून या दोघांना पत्रे धाडत होते. माती कशी आहे, कोणते बी टाकू, उगवले ते गवत की तण, अशा शंकांची ती मालिका वर्षानुवर्षे चालली. 1917मध्ये पायपर आणि ओकली यांनी गोल्फच्या हिरवळीवर पुस्तक लिहिले, त्यामागे असा पत्रव्यवहार होता.

असा सल्ला सगळ्याच क्लबांना मिळावा म्हणून मार्शल यांनी अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची, म्हणजे यूएसजीएची, पाठ धरली. 30 नोव्हेंबर 1920 रोजी तिचा ग्रीन सेक्शन स्थापन झाला. पहिले अध्यक्ष अर्थातच पायपर. पोटोमॅक नदीच्या काठी आर्लिंग्टनला कृषी खात्याचे प्रायोगिक शेत होते, तिथे गवताचे वाफे लागले. पुढच्याच वर्षी विभागाचे मासिकही निघाले.

जाणकाराने ठिकठिकाणची मैदाने पाहत फिरण्याची चाल मात्र या विभागाहून जुनी, स्कॉटलंडची. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचा राखणदार टॉम मॉरिस प्रेस्टविकहून 1860च्या दशकाच्या मध्यावर गावी परतला तो वर्षाला 50 पौंड पगारावर. शिवाय ठिकठिकाणचे क्लब त्याला नवे मैदान आखायला किंवा जुने पाहायला बोलवत. दिवसाचा एक पौंड आणि प्रवासखर्च एवढी त्याची बिदागी. त्याच्या विद्येतले मुख्य औषध वाळू. वाळूची हातगाडी चुकून हिरवळीवर उलटली आणि तिथले गवत तरारले, तेव्हा त्याला वाळूचा गुण कळला, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, हिरवळीवर वाळूचा पातळ हात फिरवण्याचा रिवाज त्याने रुजवला तो आजवर टिकून आहे. रविवारी मैदान बंद ठेवण्याबाबतही तो हट्टी होता. खेळणाऱ्यांना विसावा नको असेल, मैदानाला हवा असतो, असे त्याचे म्हणणे.

अडचण एवढीच, की टॉमची सारी विद्या समुद्रकाठच्या वाळूतली होती. ब्रिटिशांबरोबर खेळ जगभर गेला. कोलकात्यात 1829 सालीच क्लब निघाला होता आणि नाशिकला जिथे रणजीचे सामने होतात त्या मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. पण स्कॉटलंडची हवा काही बोटीत घालून नेता येत नव्हती. अमेरिकेच्या पूर्वेकडचा दमट, उकडता उन्हाळा त्या नाजूक गवतांना सोसत नसे. म्हणूनच तिथे वैज्ञानिकाला मैदानावर यावे लागले.

आणि तो आला तो केवळ सांगायला नाही, शोधायलाही. त्या काळी ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, जर्मनीहून आलेले बेंट गवताचे मिश्र बियाणे पेरत. त्यात नाना प्रकारची बेंट गवते असत. दहापंधरा वर्षांनी ती आपापला सुभा मांडत, आणि एकाच ग्रीनवर इथे निळसर, तिथे पोपटी असे ठिगळ-ठिगळ दिसू लागे. खेळाडूला ती कटकट. पाहणीला आलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र तो आयता प्रयोग होता, कारण सगळ्या ठिगळांतून जे दाट, निरोगी आणि ऐन जुलैत टिकून आहे ते निसर्गानेच निवडलेले. मग त्याचा तुकडा कापून आर्लिंग्टनला लावायचा. कोहॅन्सी नावाचे बेंट पाइन व्हॅलीच्या मैदानावर सापडले. टोरोंटो आणि काँग्रेशनल ही वाणे त्या-त्या नावाच्या क्लबांवरची. मेरियनचे ग्रीनकीपर जो व्हॅलेंटाइन यांना 1936मध्ये सतराव्या टीजवळ, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेजवळ, गडद हिरव्या ब्लूग्रासचा एक पट्टा वेगळा वाटला. त्यांनी नमुना ग्रीन सेक्शनकडे पाठवला आणि 1947मध्ये ते मेरियन ब्लूग्रास म्हणून बाजारात आले, पुढे अमेरिकेतल्या असंख्य घरांपुढच्या अंगणांत पोचले. व्हॅलेंटाइन हे इटलीहून आलेले स्थलांतरित. अशा माणसाच्या नजरेला शास्त्रज्ञांनी मान दिला, हे या साऱ्या इतिहासातले मला सर्वात लोभस वाटणारे पान.

रोगांची गोष्ट इतकी गोड नाही. 1914 साली फिलाडेल्फियात एका हौशी माणसाच्या गवताच्या वाफ्यावर तपकिरी चट्टे उठले. हा हौशी माणूस म्हणजे फ्रेडरिक टेलर, कारखान्यातल्या मजुराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणारा. ब्राउन पॅच या नावाने तो रोग पुढे देशभर कुप्रसिद्ध झाला. पायपर यांनी त्यामागची बुरशी दाखवून दिली. पहिला उपाय आपल्या द्राक्षबागाईतदारांच्या ओळखीचा, बोर्डो मिश्रण. पण वारंवार फवारल्याने तांबे मातीत साचले आणि औषधच गवताला बाधू लागले. मग पाऱ्याची औषधे आली. ती लागू पडली आणि पुढची कित्येक दशके मैदानांवर पडत राहिली. सल्लागार आला म्हणजे योग्यच सांगून गेला, असे नव्हे.

या सगळ्यात रोज पहाटे ग्रीनवर उभ्या असणाऱ्या माणसाची पत काय होती? 1920च्या त्याच स्पर्धेत इन्व्हरनेसने व्यावसायिक खेळाडूंना क्लबहाउसची दारे उघडली. तोवर त्यांना आत मज्जाव असे. खेळाडूंनी कृतज्ञतेने उंच घड्याळ भेट दिले आणि ती गोष्ट प्रसिद्ध झाली. ग्रीनकीपरसाठी असे काही घडले नाही. मैदान चांगले असले तर ते आखणाऱ्याचे नाव, वाईट असले तर राखणाऱ्याचे. वर दरवर्षी बदलणारी समिती, आणि नवा अध्यक्ष घरच्या लॉनवरून शहाणा झालेला.

13 सप्टेंबर 1926 रोजी टोलेडोतच, सिल्व्हेनिया क्लबवर, साठ ग्रीनकीपर जमले. यंग्जटाउनचे कर्नल जॉन मॉर्ली यांच्या पुढाकाराने त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. पुढच्या वर्षी तिचे मासिक निघाले आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात लॉरेन्स डिकिन्सन यांनी ग्रीनकीपरांसाठी हिवाळी वर्ग सुरू केला, कारण बर्फ पडल्यावरच या लोकांना सवड मिळे. 1938पासून संघटनेच्या नावात सुपरिंटेंडेंट हा शब्द आहे आणि ग्रीनकीपरला आता तेच म्हणतात. इंग्लंडमध्येही 1929ला यॉर्कशरमधल्या बिंग्ली इथे हिरवळीच्या संशोधनाचे केंद्र निघाले आणि तिथले जाणकार क्लबांच्या भेटींना जाऊ लागले.

आर्लिंग्टनचे वाफे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गेले. जमीन युद्धखात्याकडे गेली, त्याच परिसरात पेंटागॉन उभे राहिले. वाफ्यांची रवानगी बेल्ट्सव्हिलला झाली. भेटींना शिस्त आली ती 1953मध्ये. ग्रीन सेक्शनने टर्फ अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस सुरू केली. क्लबने वर्गणी भरायची, तज्ज्ञाने येऊन मैदान पाहायचे आणि मागाहून लेखी अहवाल धाडायचा.

भेट कशी चालते ते पाहण्यासारखे असते. सुपरिंटेंडेंट आधी आपली उत्तम ग्रीन दाखवत नाही, सर्वात रडवी दाखवतो. पाहुणा मातीत पोकळ नळी खुपसतो आणि बोटभर जाडीचा उभा गाभा बाहेर काढतो. वर पाव इंचाहूनही कमी उंचीचे गवत, त्याखाली कुजायचे राहिलेल्या काड्यामुळ्यांचा तपकिरी, स्पंजासारखा थर, मग वाळू. गेल्या पन्नास वर्षांत कोणत्या समितीने कोणती वाळू आणली ते त्या थरांच्या रेघांत सरळ वाचता येते. मुळे कुठवर गेली आहेत ते पाहायचे. मग गाभा नाकाशी न्यायचा. कुजक्या अंड्याचा वास आला तर पाणी तुंबते आहे, हवा पोचत नाही. शेवटी तो मान वर करून झाडांकडे बघतो, सकाळचे ऊन कोणत्या बाजूने येते याचा अंदाज घेतो.

यातले बहुतेक सुपरिंटेंडेंटला आधीच ठाऊक असते. तरीही तो बोलावतो, कारण अहवाल त्याच्यासाठी नसतोच. तो समितीसाठी असतो. ग्रीनवर सावली धरणारी झाडे तोडा, असे पगारी माणसाने म्हटले तर ती उद्धटगिरी; बाहेरच्या तज्ज्ञाने लेटरहेडवर लिहिले तर तो ठराव होतो. झाडांवरून क्लबांत किती हमरीतुमरी होते याचा नमुना पिट्सबर्गजवळचा ओकमाँट क्लब. 1990च्या दशकात मैदानाचे मूळ उघडेबोडके रूप परत आणायला तिथल्या कर्मचाऱ्यांनी सभासद उठायच्या आत, अंधारात, झाडे पाडली आणि बुंधे दळून वर हिरवळीचे तुकडे अंथरले. बराच काळ कुणाच्या ध्यानातच आले नाही.

ओकमाँटनेच सुपरिंटेंडेंटच्या मानेवर आणखी एक जोखड चढवले, तेही नकळत. 1935ची अमेरिकन ओपन पाहताना तिथल्या ग्रीनवरून चेंडू घरंगळत गेलेला एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिला आणि ग्रीनचा वेग मोजायला खाच असलेली लाकडी पट्टी बनवली. यूएसजीएने 1970च्या दशकात ती अ‍ॅल्युमिनियमची केली, शेकडो मैदानांवर फिरून मोजमापे घेतली, तेव्हा पट्टीवरून सोडलेल्या चेंडूची घरंगळ सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास भरली. 1978पासून पट्टी सुपरिंटेंडेंटांच्या हाती आली. हेतू असा, की आपल्याच मैदानावरच्या अठराही ग्रीन सारख्या आहेत का ते त्यांना तपासता यावे. झाले भलतेच. शेजारच्या क्लबवर दहा फूट, मग आपल्याकडे नऊच का, असे सभासद विचारू लागले. वेगासाठी गवत आणखी खाली कापले गेले, आणि ते मरायला लागल्यावर तज्ज्ञाला पुन्हा बोलावणे धाडायची पाळी आली.

यूएसजीएची ही सेवा आता कोर्स कन्सल्टिंग सर्व्हिस या नावाने चालते. सुपरिंटेंडेंटांच्या संघटनेचीही स्वतःची माणसे प्रांतोप्रांती फिरतात. त्यांचा रोख गवतापेक्षा माणसावर : करार कसा आहे, पगार बाजारभावाने मिळतो का, राज्याचा पाण्याबद्दलचा नवा कायदा क्लबला कितपत झेपेल. पाणी आणि औषधे जपून कशी वापरावीत याची राज्यवार नियमावली संघटनेने 2020च्या अखेरपर्यंत पन्नासही राज्यांत करवून घेतली. आमदार मैदान पाहायला आला, की सुपरिंटेंडेंट ती त्याच्या हातात ठेवतो.