पाळीव प्राण्यांच्या केसांसाठी व्हॅक्यूम क्लीनर

पाळीव प्राण्यांच्या केसांसाठी व्हॅक्यूम क्लीनर हे कुत्रा, मांजर इत्यादी घरात वावरणाऱ्या प्राण्यांचे गळालेले केस, त्वचेचा कोंडा आणि त्यांत मिसळलेली धूळ हवेच्या ओढीने गोळा करणारे विद्युत उपकरण होय. एक-दोन खोल्यांच्या घरात माणसे व प्राणी एकाच जागी झोपतात, जेवतात. त्यामुळे तेथे केसांचा प्रश्न स्वच्छतेपुरता न राहता आरोग्याचाही होतो. उपकरणाची निवड मुख्यतः जमिनीचा प्रकार, केसांची लांबी, गाळणी, आवाज आणि ठेवण्याची जागा यांवर अवलंबून असते.

केसगळती व आरोग्य

लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन या जातींच्या अंगावर वरचे राठ केस व आतली मऊ लव असे दोन थर असतात. लव मोठ्या प्रमाणात गळते. गावठी कुत्रे व दख्खनच्या पठारावर आढळणारी करवानी ही शिकारी जात यांचे केस आखूड असतात. ते कमी दिसतात, पण सतरंजी व गोधडीच्या विणीत टोचून बसतात. केसाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खवले आणि कोरड्या हवेतील स्थितिक विद्युत यांमुळे केस कापडाला चिकटतात.

ॲलर्जी प्रत्यक्षात केसांमुळे होत नाही. मांजराच्या लाळेत व त्वचेतील तैलग्रंथींत तयार होणारे एक प्रथिन कोंड्याबरोबर सर्वत्र पसरते. त्याचे अनेक कण ५ मायक्रॉनहून लहान असतात आणि ते बराच काळ हवेत तरंगतात. दमा असलेल्या व्यक्तीस त्यांचा त्रास होऊ शकतो. म्हणून दिसणारे केस उचलणे आणि न दिसणारे कण अडवणे ही दोन स्वतंत्र कामे ठरतात.

इतिहास

ब्रिटिश अभियंते ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये धूळ ओढणारे यंत्र तयार केले. ते घोडागाडीवरून आणले जाई आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात सोडल्या जात. अमेरिकेतील जेम्स मरे स्पँगलर हे एका दुकानात सफाईचे काम करीत. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांना दम्याचा त्रास होई. त्यांनी हाताळता येईल असे विद्युत यंत्र बनवले व त्याचे एकस्व १९०८ मध्ये मिळवले. पुढे ते हूवर कुटुंबाने घेतले. भारतात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्स या कंपनीने घरोघरी जाऊन विक्री करण्याच्या पद्धतीने हे उपकरण मध्यमवर्गात पोहोचवले. जेम्स डायसन यांनी पिशवीविना चालणारा चक्रवाती पद्धतीचा क्लीनर १९९३ मध्ये स्वतःच्या नावाने ब्रिटनमध्ये विक्रीस आणला.

प्रकार

१. नळीचा (कॅनिस्टर) : मोटार चाकांच्या डब्यात असते. ओढ चांगली, किंमत तुलनेने कमी. मात्र जागा अधिक लागते.

२. दांड्याचा, बॅटरीवर चालणारा : भिंतीला टांगता येतो. रोजच्या कामास सोयीचा. परंतु धुळीचा डबा लहान असतो आणि पूर्ण ओढीवर बॅटरी लवकर उतरते.

३. हातातला : गादी, खुर्ची, मोटारीतील आसने यांसाठी उपयुक्त. संपूर्ण घरासाठी अपुरा.

४. यंत्रमानव (रोबोट) : मोकळ्या जमिनीवर चालतो. उंबरठे, पलंगाखालील सामान यांमुळे लहान घरात अडतो. प्राण्याने घरात घाण केल्यास तो ती सर्वत्र पसरवू शकतो.

निवडीचे निकष

वॅट हा आकडा मोटार किती वीज घेते हे सांगतो. ओढ किती आहे हे सांगत नाही. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१७ पासून घरगुती क्लीनरची वीज ९०० वॅटपर्यंत मर्यादित केली, तरीही सफाई शक्य राहिली. १२०० वॅटचे उपकरण १५ मिनिटे चालल्यास ०.३ युनिट वीज लागते.

गुळगुळीत फरशीवर ताठ तंतूंचा फिरता ब्रश केस उडवतो. तेथे मऊ रूळ किंवा साधे रुंद तोंड अधिक उपयोगी पडते. गादी, सोफा व सतरंजीसाठी मोटारीवर फिरणारा लहान ब्रश लागतो. रबरी पात्यांच्या रुळावर लांब केस कमी गुंडाळले जातात.

हेपा गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते. तथापि, जोडांतून हवा गळत असेल तर गाळणीचा उपयोग राहत नाही. म्हणून यंत्र पूर्ण बंदिस्त असावे लागते. दम्याच्या रुग्णाच्या घरात पिशवीचा प्रकार बरा, कारण डबा रिकामा करताना कण पुन्हा उडतात. पिशव्या स्थानिक बाजारात मिळतात का, हे आधी पाहणे आवश्यक असते.

परभणी जिल्ह्यातील परिस्थिती

परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यात असून येथील जमीन बहुतांशी काळी आहे. उन्हाळ्यात या मातीची बारीक धूळ घरात येते, केसांत मिसळते आणि गाळणी लवकर बुजवते. त्यामुळे धुता येणारी पूर्वगाळणी येथे महत्त्वाची ठरते. घरांत शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतात, गालिचे क्वचितच. म्हणून गालिच्यांसाठी बनवलेली जड यंत्रे बहुधा अनावश्यक ठरतात. वीज वारंवार जात असल्यास बॅटरीचा प्रकार सोयीचा; परंतु पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा तापलेल्या खोलीत चार्जिंग केल्याने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. चार्जिंग सकाळी किंवा रात्री करणे इष्ट.

एखाद्या भागातील केस अचानक झडणे हे खरूज, बुरशी किंवा अन्य विकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी पशुवैद्यकाचा सल्ला आवश्यक असतो. परभणी शहरात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

वापर व देखभाल

कुत्र्या-मांजरांना माणसापेक्षा अधिक उच्च वारंवारितेचे आवाज ऐकू येतात. म्हणून प्रारंभी यंत्र बंद अवस्थेत त्यांच्यासमोर ठेवून सवय लावतात. रुळाला गुंडाळलेले केस यंत्र वीजजोडणीपासून अलग करून कात्रीने कापून काढावे लागतात. धुतलेली गाळणी पूर्ण वाळल्याशिवाय बसवत नाहीत. साध्या क्लीनरने पाणी, ओली घाण किंवा चुलीतील गरम राख ओढणे धोक्याचे असते.

मर्यादा

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या २००७ मधील अभ्यासात क्लीनरने ओढलेल्या प्रौढ पिसवांपैकी सरासरी ९६ टक्के मेल्याचे आढळले. तरीही प्राण्याच्या अंगावरील पिसवांचा उपचार स्वतंत्रपणे करावा लागतो. प्राण्याला नियमित विंचरणे, अंथरुणे धुणे आणि ओल्या फडक्याने फरशी पुसणे यांमुळे मुळात केस कमी साचतात. टाइल्स असलेल्या एका खोलीच्या घरात आखूड केसांचा एकच प्राणी असेल आणि कोणास ॲलर्जी नसेल, तर केरसुणी व ओले फडके बहुधा पुरेसे ठरते.