भिंत गावाची, हात आपले, मजुरी कोणाची?

धरणगाव तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही बाया आज एक वेगळा विषय घेऊन आलो आहोत. कर्जाचे हप्ते, पापडाचं मशीन, बँकेची फेरी हे आपलं नेहमीचं बोलणं आज बाजूला ठेवू. आज बोलू शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांबद्दल आणि चौकातल्या पुतळ्यांबद्दल. ही कला सगळ्या गावाची. मग ती करायला कोण शिकवतं, पैसे कोण देतं आणि नाव कोणाचं लागतं?

हा प्रश्न पुस्तकातून आला नाही. मागे आमच्या एका गटाला अंगणवाडीची भिंत रंगवायला बोलावलं. सात जणी गेल्या. घरची कामं आटोपून तीन दिवस भिंतीपाशी उभ्या राहिल्या. मोर काढला, केळीचं खोड काढलं, फुटलेलं कापसाचं बोंड काढलं, खाली मुळाक्षरं लिहिली. मुलं खूश, गाव खूश. पुढे खर्चाचा कागद पाहायला मिळाला. त्यात रंग होता, ब्रश होते, शिडीचं भाडं होतं, चहा-नाश्ताही होता. मजुरीचा रकानाच नव्हता. विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमचंच तर गाव आहे, त्याचे कसले पैसे?" चहाचे पैसे लागतात, पण हाताचे लागत नाहीत! आमच्यातली सगळ्यांत वडीलधारी आजी त्या भिंतीकडे बघून एवढंच म्हणाली, "आमनं नाव कोठे शे?"

त्या प्रश्नाने आम्हाला मागे वळून बघायला लावलं. पूर्वी हे कसं चालायचं? शोधत गेलो तर पहिला पुरावा जवळच निघाला.

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. आपल्यातल्या कित्येक जणी शाळेच्या नाहीतर गटाच्या सहलीला तिथे गेल्या असतील. चित्रं पाहिली असतील, पण भिंतीवरची अक्षरं सहसा कोणी बघत नाही. दहावं लेणं फार जुनं, दोन हजार वर्षांच्या आसपासचं. त्याच्या दर्शनी भागावर कोरलं आहे की हे 'घरमुख' वासिठीपुत कटहादि याचं दान. सोळावं लेणं पाचव्या शतकातलं. ते वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करवलं, असा लेख तिथे आहे. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचं नाव आहे. म्हणजे ज्यांनी खर्च केला किंवा करवला त्यांची नावं दगडात राहिली. ज्यांनी मचाणावर चढून पद्मपाणी रंगवला, माती-भुसा कालवून भिंत लिंपली, रंग घोटले, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचली नाहीत. आजीचा प्रश्न असा दीड हजार वर्षं जुना आहे.

पुढची गोष्ट इंग्रजांच्या काळातली. १८४४ साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढायला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं ते काम केलं. त्याच्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. अजिंठा गावात पारो नावाच्या बाईची कबर आहे, १८५६ सालची. ती गिलची सोबतीण. ती त्याला कामात मदत करायची असं लोक सांगतात. सरकारी कागदात मानकरी एकटा गिल.

याच काळात मुंबईत एक मोठी गोष्ट घडली. सर जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली कलेची शाळा सुरू झाली. तेच आजचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आधी शाळा निघाली आणि मग शहराची कामं त्या शाळेकडे येऊ लागली, हा क्रम ध्यानात ठेवा. १८६५ साली तिथे लॉकवुड किपलिंग हे शिक्षक आले. तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड नवी मंडई बांधत होते. १८६९ साली ती पुरी झाली. आज तिला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. तिच्या दारावर किपलिंग यांनी केलेली दगडी शिल्पं आहेत आणि त्यांत राजे-महाराजे नाहीत, शेतात राबणारी माणसं आहेत. शेतमाल विकायच्या जागेवर शेतकऱ्याचं शिल्प! नगरपालिकेने बाजार बांधला, त्यात कलेला जागा ठेवली आणि काम जाणत्या माणसाकडे दिलं. आजही कोणत्याही नगरपरिषदेने शिकावं असं ते काम आहे.

पुढे १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. खर्च सरकारचा. मुलं लेण्यांत बसून जुन्या चित्रांच्या नकला उतरवत. त्यातलेच पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित चित्रकार झाले. या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत लंडनमध्ये जळाल्या. कागद-कापड जळालं, पण मुलांच्या हातात उतरलेली विद्या जळाली नाही. मुंबईचं मोठं रेल्वे स्टेशन, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात बांधलं गेलं. त्याच्या नक्षीकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे हात होते. शिकताना हाताला खरं काम मिळालं म्हणून ते हात तयार झाले.

आता आपल्या खानदेशातल्या माणसाकडे येऊ. धुळ्याजवळ गोंदूर गाव आहे. तिथे १९ फेब्रुवारी १९२५ रोजी सुतारकाम करणाऱ्या घरात एक मुलगा जन्मला, राम सुतार. श्रीराम जोशी नावाच्या गुरुजींनी त्याच्या बोटांतलं कसब ओळखलं, त्याला शिकवलं आणि जे. जे.च्या वाटेला लावलं. तिथे १९५३ साली त्याने मेयो पदक मिळवलं. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली आणि अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या, तुटलेल्या मूर्तींच्या डागडुजीचं काम केलं. पुढे मध्य प्रदेशात गांधीसागर धरणावर त्यांनी चंबळ मातेची ४५ फुटी मूर्ती घडवली. आईच्या जवळ दोन लेकरं, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. एका नदीचं पाणी दोन राज्यांनी भावंडांसारखं वाटून घ्यावं, हे न वाचणाऱ्यालाही कळावं असं ते शिल्प. गुजरातेत नर्मदेकाठी २०१८ साली उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळाही त्यांच्याच रेखाटनातून आला.

गोंदूरची ही गोष्ट ऐकताना आमच्या मनात एक विचार येतो. मुलाला ओळखणारे गुरुजी भेटले, शिकायला शाळा होती, नंतर सरकारी काम मिळालं. या तीन पायऱ्यांतली एक जरी निखळली असती तरी? आणि त्याच वयाची, तेवढीच हुशार मुलगी शेजारच्या घरात असती, तर तिला कोणी मुंबईला धाडलं असतं का?

बायांचं काय झालं, ते आता सांगतो. १९६६-६७ साली बिहारात भयंकर दुष्काळ पडला. मधुबनी भागातल्या बाया लग्नाकार्याला घराच्या भिंती रंगवायच्या. हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी तिथे भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या मराठी चित्रकाराला पाठवलं. त्यांनी घरोघरी कागद वाटले आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा. चित्रं विकत घेतली गेली. दुष्काळात चूल पेटली. त्यातल्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली.

हेच कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूकडे वारली पाड्यांवर गेले. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाशिणी लिहायच्या, तांदळाच्या पिठाने, गेरूने सारवलेल्या भिंतीवर. ते काम मूळचं बायांचं. कागदावर आल्यावर मात्र जगभर नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. मशे थोर कलावंत होते, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण चौक लिहिणाऱ्या किती सवाशिणींची नावं आपण सांगू शकतो? घरात फुकट चाललेलं काम बाजारात गेलं, त्याला किंमत आली, की ते पुरुषांच्या नावावर चढतं. पिठाची गिरणी असो की चित्र, हे आपण सगळ्याच जाणतो.

मधुबनीची अजून एक गोष्ट आहे. २०१७ साली तिथलं रेल्वे स्टेशन शंभराहून जास्त कलाकारांनी चित्रांनी भरून टाकलं. देशभर कौतुक झालं, स्टेशनला बक्षीस मिळालं. ते सगळं काम कलाकारांनी श्रमदान म्हणून केलं होतं. ते वाचलं तेव्हा आम्हाला आमची अंगणवाडीची भिंत आठवली. श्रमदान वाईट नाही. गावची विहीर आपण श्रमदानानेच उपसतो. पण विहिरीत सगळं गाव उतरतं. इथे गवंड्याला मजुरी, रंगाच्या दुकानदाराला पैसे आणि श्रमदान फक्त चित्र काढणाऱ्याचं, हे काही बरोबर नाही.

पगार देऊन सार्वजनिक चित्रं काढून घेणं अशक्य आहे का? मुळीच नाही. अमेरिकेत मोठी मंदी आली तेव्हा १९३५ साली तिथल्या सरकारने बेकार कलाकारांना पगारावर घेतलं. शाळा, दवाखाने, सरकारी इमारती यांच्या भिंती रंगवून घेतल्या, लोकांसाठी कलावर्ग काढले. रस्ता खोदणारा जसा मजूर, तसा भिंत रंगवणाराही मजूर, असं धरलं. हे १९४३ पर्यंत चाललं.

शिक्षण आणि पैसा याच्या जोडीला देखरेख लागते, हे आपल्या राज्याने नुकतंच पाहिलं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभारला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. आपल्याकडे पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. आम्ही सहा फुटी नमुन्याला मान्यता दिली होती, असं संचालकांनी त्या वेळी सांगितलं. नमुना सहा फुटांचा, पुतळा पस्तीस फुटांचा आणि समुद्राचा वारा! पुढे तिथे नवा पुतळा उभारला तो राम सुतारांच्या कार्यशाळेने. म्हणजे शेवटी पिढ्यान् पिढ्या शिकलेल्या हातांकडेच जावं लागलं.

आता आपल्या गावाकडे या. धरणगाव ही बालकवींची जन्मभूमी, १३ ऑगस्ट १८९० ला ते इथे जन्मले. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. भिंतीवर काय काढायचं याचा तोटा आपल्याला नाही. कानबाई बसते तेव्हा घर सारवून, रंगवून कोण सजवतं? भुलाबाई कोण मांडतं? हातही आपल्याकडे आहेत. उणं आहे ते शिक्षण आणि पैसा, आणि हे दोन्ही मागायचा हक्क आपल्याला आहे.

महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचा नियम आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो, त्यातून प्रशिक्षण मागता येतं. ग्रामपंचायतीत नीट विचारा, महिला सभेत ठराव मांडा आणि तो लिहून घेतला का हे पाहा.

आमच्या गटांनी आता ठरवलं आहे. भिंतीचं काम आलं की आधी अंदाजपत्रक द्यायचं. त्यात ओल काढणं, भेगा भरणं, प्रायमर, रंग आणि जितक्या जणी तितके दिवस मजुरी, असं सगळं लिहायचं. दोन-तीन वर्षांनी रंग उडेल तेव्हा डागडुजी कोण करणार, हे आधीच विचारायचं. दर कामाला दोन शिकाऊ मुली सोबत घ्यायच्या, म्हणजे गोंदूरच्या गुरुजींचं काम थोडंफार आपल्या हातून होईल. आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात काम करणारीचं नाव लिहायचं.

त्या अंगणवाडीची मजुरी आम्हाला अजून मिळालेली नाही. पण मागच्या महिन्यात आम्ही सात जणी पुन्हा तिथे गेलो, उरलेल्या काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि मोराच्या पायाशी सात नावं लिहिली. आजीला लिहिता येत नाही. तिचं नाव तिच्या नातीने लिहिलं आणि आजीने शेजारी अंगठ्याचा ठसा उमटवला.

तुमच्या गावात कोणती भिंत कोणी रंगवली, तिला काय मिळालं, हे पुढच्या बैठकीत विचारा आणि आम्हाला जरूर कळवा.