मन्रोची छावणी, सोलापूर, 1818

मे महिन्याची नऊ तारीख. तुम्ही सोलापूरच्या पेठेत उभे आहात आणि ऊन असं की तटाच्या दगडावर हात टेकवत नाही. दुकानांच्या फळ्या लागलेल्या आहेत. समोर भुईकोट किल्ला: दुहेरी तट, तीन बाजूंनी रुंद खंदक, पूर्वेला सिद्धेश्वराचं तळं. किल्ल्याच्या आडोशाला पेशव्यांची उरलीसुरली फौज उतरली आहे. साडेआठशे स्वार, साडेपाच हजारांवर पायदळ, त्यात बाराशे अरब, आणि चौदा तोफा. सरदार आहेत गणपतराव पानसे, पेशव्यांच्या तोफखान्याच्या पिढीजात घराण्यातले.

पेशवे दुसरे बाजीराव इथे नाहीत. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत त्यांचे सेनापती बापू गोखले पडले, तेव्हापासून श्रीमंत पुढे आणि इंग्रजांच्या फौजा मागे. धनी निघून गेला तरी ही माणसं तोफा सोडून गेली नाहीत. त्यांचं मोल मराठी इतिहासात पुरेसं झालेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

दक्षिणेकडे धूळ दिसते का? भीमा ओलांडून इंग्रजांचा जनरल टॉमस मन्रो आला आहे. वय सत्तावन्नच्या घरात. धारवाडकडच्या मुलखात उतरला तेव्हा त्याच्याजवळ पलटणी जवळजवळ नव्हत्याच. त्याने गावोगावची शिबंदी चाकरीला ठेवली, परगण्या-परगण्यावर आपले अंमलदार नेमले आणि सारा वसूल करतच मुलूख घेतला. बदामी, बागलकोट, बेळगाव असं करत तो इथवर पोचला. रयतेने वसूल कोणाला द्यायचा हे ठरवलं की निम्मं राज्य हातातून गेलेलं असतं, हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

त्याचा निरोप घेऊन सुभेदार चैनसिंग तटाशी येतो. शरण या, जीव वाचतील, एवढंच सांगायला. तटाखालीच त्याला मारलं जातं. बोलणी तिथेच संपतात.

दुसऱ्या दिवशी फटफटतंय तोच पेठेच्या तटाला शिड्या लागतात. तुम्ही भिंतीला चिकटून उभे राहा. बंदुकांचा धूर इतका दाटतो की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. पेठ पडते. पानसे तोफा पुढे आणून उलट मारा करतात, आणि त्यांच्याच दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट होतो. पानसे जखमी होतात, त्यांच्याकडचा अधिकारी मेजर द पिंटो ठार होतो. संध्याकाळी पेशव्यांची फौज तळ सोडून निघते, पण मन्रोच्या बाजूच्या जनरल प्रिट्झलरचे स्वार सीना नदीपर्यंत पाठ सोडत नाहीत. रात्रीपर्यंत पेशव्यांचं पायदळ म्हणावं असं काही उरत नाही. किल्ला आणखी चार दिवस तग धरतो. चौदा तारखेला बाहेरच्या तटाला खिंडार पडतं आणि पंधराच्या सकाळी किल्लेदार शरण येतो.

आता मन्रोच्या तंबूपाशी या. याला निव्वळ लढवय्या समजू नका. ग्लासगोच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा 1780 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पायदळात कॅडेट म्हणून मद्रासला उतरला. हैदरअलीशी लढला. 1792 पासून बारामहालात कॅप्टन रीडच्या हाताखाली जमाबंदी शिकला. मग कानडा किनारा, मग 1800 ते 1807 बल्लारी, कडप्पा, अनंतपूरचा मुलूख. तिथल्या पाळेगारांचा, म्हणजे स्थानिक सरदारांचा, त्याने बीमोड केला, पण स्वतः राहिला तंबूत. शिपायांचा पहारा न घेता तो गावोगाव फिरे आणि रयतेची गाऱ्हाणी ऐके. मधला जमीनदार नको, कुळाचा सारा थेट सरकारशी ठरावा, हा रयतवारीचा आग्रह तिथे पक्का झाला.

त्या आग्रहाची दुसरी बाजूही पाहून घ्या. त्याने बसवलेला सारा जड होता आणि त्याला ते कळत होतं. 1807 मध्ये त्याने चौथाई सूट सुचवली, ती मद्रास सरकारने दिली नाही. कुळांना तेरा वर्षं वाट पाहावी लागली. 1820 मध्ये तोच मद्रासचा गव्हर्नर झाला, तेव्हा सूट मिळाली.

तुम्ही चार वर्षं पुढे, मद्रासच्या गव्हर्नरच्या दालनात चला. 1824 च्या डिसेंबरचा शेवटचा दिवस. मन्रो एक लांबलचक टिपण पुरं करतो आहे. मोठ्या हुद्द्यांवरून सगळ्या देशी लोकांना दूर ठेवणारं राज्य माणसांना खुजं करतं, त्यांना शिकवा, जबाबदारी द्या आणि एक दिवस राज्य त्यांच्या हाती सोपवायची तयारी ठेवा, असा त्याचा आशय आहे. सोलापूरचा तट फोडणाऱ्याने हे लिहावं याने मला आनंद होतो आणि रागही येतो. इतकं स्पष्ट दिसत असूनही कंपनीने वरच्या जागा बंदच ठेवल्या.

1827 मध्ये राजीनामा देऊन तो जुन्या मुलखाचा निरोप घ्यायला निघाला. 6 जुलैला पट्टीकोंड्याला पटकीने गेला. त्या भागात लोकांनी मुलांची नावं मन्रोलप्पा ठेवली. इकडे आपल्या दख्खनेत 1836 मध्ये इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी शेत न् शेत मोजून सारा ठरवला, तो रयतवारीचाच मार्ग होता.

बंद ठेवलेल्या जागांचं काय झालं हे पाहायचं असेल तर 1880 च्या दशकातल्या सोलापुरात उतरा. न्यायाधीशाच्या खुर्चीत सत्येंद्रनाथ ठाकूर बसले आहेत, सनदी सेवेत शिरलेले पहिले भारतीय. मन्रोच्या टिपणाला तेव्हा साठ वर्षं होत आली आहेत, आणि जिल्ह्याचा कलेक्टर अजून इंग्रजच आहे.