एमआरआयची दोन घराणी

मांडीतल्या गाठीचा एमआरआय झाला की घरचे एकच विचारतात: साधी आहे की कॅन्सरची? रिपोर्टात पुष्कळदा बायोप्सीचा सल्ला तेवढा असतो. गंमत म्हणजे या तंत्रामागची पहिली ओढ नेमक्या याच प्रश्नाची होती. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या रेमंड डमेडियन यांनी 'सायन्स'मध्ये उंदरांच्या पेशीजालाची मोजमापं छापली. चुंबकक्षेत्रात डिवचलेला हायड्रोजन निवायला निरोगी स्नायूत सुमारे ०.५४ सेकंद लागत, सार्कोमा या कॅन्सरच्या गाठीत ०.७४. आकडा बघा, कॅन्सर ओळखा, असा दावा. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी 'नेचर'मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र दिलं. त्यात निदान नव्हतं, नुसता नकाशा होता. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना गेलं, तेव्हा डमेडियन यांच्या बाजूने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. श्रेयाचा तंटा राहू द्या. स्नायूंपुरता निकाल मला नकाशाच्या बाजूने लागलेला दिसतो.

कारण नुसत्या सिग्नलवरून साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ वेगळी करता येतेच असं नाही. स्नायूतली मिक्सोमाची गाठ निरुपद्रवी, पण पाणीदार, म्हणून पाणी उजळ दाखवणाऱ्या टी-टू चित्रात पांढरीशुभ्र. मिक्सॉइड सार्कोमाही तसाच पांढरा. सरळ वागते ती चरबीची गाठ: चरबीचा सिग्नल दाबला की तीही विझते. ट्रान्सपोर्ट गोदामांत माल उतरवताना मांडीवर पेटी आदळली, तर मुका मार बसलेल्या स्नायूत कधीकधी हाड धरतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. सुरुवातीला एमआरआयवर भोवती एवढी सूज दिसते की सार्कोमाच वाटावा. घाईने काढलेला तुकडाही सूक्ष्मदर्शकाखाली फसवू शकतो. मग काही आठवड्यांनी काढलेला साधा एक्स-रे, म्हणजे १८९५ चं तंत्र, खुलासा करतो: हाडाचं कडं कडेला, मध्य मोकळा. हाड घडवणाऱ्या सार्कोमात बहुधा उलट, मध्यच दाट.

कोणी म्हणेल, आता डिफ्यूजन आहे, कॉन्ट्रास्ट आहे. आहे, आणि त्यांनी मदतही होते. पण डिफ्यूजन पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतं, आणि मिक्सॉइड सार्कोमात ते साध्या गाठीइतकेच मोकळे फिरू शकतात. आकड्याची अडचण नव्या नावाने परत येते. तरी तपासणी वाया जात नाही. गाठ किती मोठी, स्नायूच्या आवरणाखाली किती खोल, धमनी आणि नस किती जवळ, हे एमआरआयइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही. बायोप्सीच्या सुईची वाटही त्यावरूनच ठरते, कारण गाठ कॅन्सरची निघाली तर ऑपरेशनमध्ये ती वाट गाठीसकट काढता यायला हवी. म्हणून एमआरआय बायोप्सीच्या आधी करतात. आधी सुई टोचली आणि आत रक्त साकळलं, तर नकाशाच गढूळ होतो.