घट्टा आणि जखम

बैलबाजारात जाणता गिऱ्हाईक आधी शिंगं बघत नाही, खांदा बघतो. जू घासून घासून तिथलं कातडं जाड झालेलं असतं. त्याला घट्टा म्हणायचं. घट्टा असला म्हणजे बैल औताचा आहे, नुसता गोठ्यात खाऊन फुगलेला नव्हं. पण त्याच खांद्याला सूज असली, कातडं निघून लाल दिसत असलं, तर 'खांदा आलाय' म्हणायचं आणि पुढं सरकायचं. तो दोष बैलाचा नसतो. जू नीट बसलं नाही, नाहीतर आलेल्या खांद्यावर दामटून औत ओढवलं, म्हणजे दोष मालकाचा. एकाच जागेवरच्या या दोन खुणा, पण एक मानाची आणि एक लाजेची.

ही अक्कल मला तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दहाव्या वर्षी शिकवली. बैलाच्या बाबतीत ती लगेच डोक्यात शिरली. कुत्र्याच्या बाबतीत शिरायला चाळीसएक वर्षं गेली.

आमचं गाव जत भागातलं. माळरान, कुसळं, पाऊस आला तर आला. त्या माळावर कारवानी कुत्री पाळायची रीत जुनी. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, पाय म्हणजे वेताच्या काठ्या. कारवानी वासावर चालत नाही, नजरेवर धावतं. उघड्या माळावर ससा उठला की डोळ्यानं धरायचा आणि पायानं गाठायचा, हे त्याचं काम. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधीच्या गोष्टी या. आमच्या कारवान्याचं नाव पाखऱ्या.

१९६९ साली जवळच्या एका यात्रेत खिलार बैलांचं प्रदर्शन होतं. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं, कुत्र्यांचेही नंबर काढू. तात्यांनी पाखऱ्याला ओढ्यावर धुतला, चोळून कोरडा केला आणि नेऊन रांगेत उभा केला. पंच आले. पाखऱ्याच्या डाव्या खांद्यापासून बरगडीपर्यंत वीतभर लांब पांढरी शिवण होती. केस आले नव्हते तिथं. पंचांनी बोट लावलं, विचारलं, "हे काय लागलं?"

तात्या म्हणाले, "रानात लागलं."

"कातडं फाटलेलं जनावर नंबरात बसत न्हाई, पाटील," असं म्हणून पंच पुढच्या कुत्र्याकडं गेले. पाखऱ्याला चालवून बघितलं नाही, पळवून बघितलं नाही. नंबर गेला एका गुळगुळीत कुत्र्याला, ज्यानं जन्मात ससा बघितला नसेल. मी बारा वर्षांचा होतो. त्या पंचांचा राग मी कितीतरी वर्षं उराशी धरला. पुढं परळच्या कॉलेजात जनावरांचा डॉक्टर झालो, नोकरीत गावोगाव फिरलो, तरी राग गेला नाही.

आता गोष्ट एकदम सातासमुद्रापार जाते, तर जाऊ द्या.

माझी थोरली लेक इंग्लंडात केंडलजवळ असते. तिकडं उत्तरेला कंब्रिया म्हणून भाग आहे, डोंगर आणि मेंढरांचा. २०११ च्या उन्हाळ्यात तिच्याकडं गेलो होतो. एका रविवारी ती म्हणाली, "आप्पा, इथं जवळच जत्रा आहे, मेंढ्या-कुत्र्यांची. येता का?" रिटायर झालेल्या ढोरडॉक्टरला याच्यापेक्षा चांगलं आमंत्रण कुठलं!

एका कुरणात दोरी बांधून रिंगण केलेलं. त्यात टेरियर कुत्री आली. बुटकी, राठ केसांची, गुडघ्याएवढीसुद्धा नाहीत, पण उभी अशी राहतात की रिंगणाचा सातबारा त्यांच्या नावावर आहे. एकाच्या तोंडावर मी बघत राहिलो. नाकावर, ओठावर, हनुवटीखाली जुन्या वणांचं जाळं. एका कानाची कड फाटलेली. मी मनात म्हटलं, आला पाखऱ्याचा भाऊ, आता हा गेला बाहेर.

पंच म्हातारा होता, टोपीवाला. त्यानं त्या कुत्र्याला टेबलावर घेतलं. ओठ वर करून दात बघितले. जबडा उघडून मिटून बघितला. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. मग पुढच्या पायांच्या मागं दोन्ही हातांची पकड घालून छाती मापली. हाताची बोटं खाली बोटांना आणि वर अंगठे अंगठ्यांना टेकले पाहिजेत. नाहीतर ते कुत्रं कोल्ह्याच्या बिळात शिरणारच नाही. मग खाली उतरवून चालवलं, पुन्हा चालवलं. वणांवर बोट फिरवलं आणि सोडून दिलं. शेवटी त्या कुत्र्याचा दुसरा नंबर आला.

मला राहवेना. लेकीला मध्ये घेऊन मी त्यांना विचारलं, "पहिला का नाही? तोंडामुळं?"

म्हातारा म्हणाला, तोंडाचा संबंध नाही. वण जुने आहेत, वाळलेले आहेत. डोळा, दात, जबडा शाबूत आहे. पण डावा पाय आखूड टाकतोय, तुम्हाला दिसला नाही का?

जनावरांचा डॉक्टर मी, आणि मला पाय दिसला नव्हता. मी तोंडच बघत बसलो होतो. यात्रेतले पंच कातडं बघत बसले होते, तसाच.

घरी आल्यावर मी या कुत्र्यांच्या मागं लागलो. लेकीच्या गावच्या वाचनालयात पुस्तकं मिळाली. टेरियर हा शब्दच लॅटिन 'टेरा'वरून आला, टेरा म्हणजे जमीन. मेंढपाळाची कोकरं कोल्हा नेतो. शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केला की कोल्हा बिळात नाहीतर दगडांच्या राशीत शिरतो. तिथं मोठं कुत्रं जात नाही, टेरियर जातं. आत जाऊन कोल्ह्यासमोर उभं राहून भुंकायचं. एकतर कोल्हा दुसऱ्या तोंडानं बाहेर पळतो, नाहीतर वरची माणसं आवाजावरून जागा धरून खणतात. हा झाला त्याचा धंदा. अंधार, अरुंद जागा आणि समोर दात. तोंडावर खुणा येणार नाहीत तर काय होणार?

या कुत्र्यांचा एक मोठा माणूस म्हणजे डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३). ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याजवळ एक टेरियर कुत्री बघितली आणि तिथल्या तिथं विकत घेतली. तिचं नाव ट्रंप. पांढरी, डोळ्या-कानांवर आणि शेपटीच्या बुडाशी तांबूस ठिपके. जॅक रसेल म्हणून आज जगभर ओळखली जाणारी कुत्री तिच्यापासून सुरू झाली असं सांगतात. रसेलसाहेबांना कोल्हा बिळात मारून टाकणारं कुत्रं नको होतं. कोल्हा बाहेर काढायचा, मारायचा नाही. नाहीतर पुढं घोडी कशाच्या मागं पळवायची?

कुत्र्यांचे नंबर काढायची हौसही तिथलीच. १८५९ च्या जून महिन्यात न्यूकॅसलला पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर ही शिकारीची कुत्री होती आणि बक्षीस म्हणून बंदूक होती. म्हणजे सुरुवात कामाच्या कुत्र्यांपासूनच झाली. गंमत अशी, की एका जातीचे पंच दुसऱ्या जातीत कुत्रं घेऊन उतरले होते आणि जिंकलेही. आमच्या यात्रांना नावं ठेवायची सोय राहिली नाही! पुढं १८७३ ला लंडनमध्ये केनेल क्लब निघाला. रसेल त्याच्या पहिल्या सभासदांपैकी. १८७४ ला त्यांनी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात फॉक्स टेरियरचे पंच म्हणून कामही केलं. पण स्वतःची कुत्री मात्र त्यांनी रिंगणात उभी केली नाहीत.

का, ते पुढच्या शंभर वर्षांत दिसलं. रिंगणातला फॉक्स टेरियर दिवसेंदिवस देखणा होत गेला. डोकं लांबलं, छाती खोल झाली, खांदे सरळ झाले. बक्षिसं मिळाली आणि बिळात शिरायची सोय गेली. म्हणून १९७४ ला ब्रिटनमध्ये कामाच्या जॅक रसेलवाल्यांनी आपला वेगळा क्लब काढला. केनेल क्लबची मान्यता नको म्हणून ते भांडत राहिले. तरी १९९० ला केनेल क्लबनं पार्सन जॅक रसेल नावानं जात मान्य केलीच.

जॅक रसेलवाल्यांच्या नियमात एक कलम आहे, ते वाचून मी चष्मा काढून बसलो. कामात किंवा अपघातात झालेल्या जुन्या वणांमुळं कुत्र्याचा नंबर जाता कामा नये, मात्र त्यानं चालीला, कामाला किंवा पैदाशीला बाधा येत असेल तर गोष्ट वेगळी, असं त्याचं तात्पर्य. अमेरिकेतल्या डॅक्सहुंडच्या नियमातही अशा मानाच्या जखमा दोष धरायच्या नाहीत असं आहे. डॅक्स म्हणजे जर्मन भाषेत बिज्जू, त्याच्या बिळात जाणारं ते कुत्रं. घट्ट्याचा कायदाच त्यांनी लिहून ठेवला होता! पंचांनी विचारायचा प्रश्न 'वण आहे का' हा नाही. 'वणानं काय बिघडलं' हा आहे.

या कुत्र्यांचा आपल्याशीही एक धागा निघाला. इंग्रज साहेब हिंदुस्थानात आले तेव्हा छावण्यांतून टेरियर, गावठी, मिळेल ते कुत्रं गोळा करून कोल्ह्यामागं पळायचे. अशा सरमिसळ टोळीला ते 'बॉबरी पॅक' म्हणत. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात बॉबरी शब्दाचं मूळ दिलंय 'बाप रे'! साहेबाची कुत्री सुटली की आपली माणसं जे ओरडत असतील, तेच त्यांनी नाव म्हणून उचललं.

पण आणखी वाचलं तेव्हा दुसरी बाजू दिसली, आणि तीच मला टोचली. जाणते टेरियरवाले सांगतात, दर वेळी फाटून येणारं कुत्रं धीट असेल, पण शहाणं नव्हे. शहाणं कुत्रं अंतर राखून भुंकतं, दाताला दात लावत नाही. तोंडभर वण म्हणजे कधी कधी कुत्र्याचा अडाणीपणा आणि त्याहून जास्त वेळा मालकाचा. बिज्जूवर कुत्री सोडून झुंज बघायचा घाणेरडा खेळ तिकडं १८३५ पासून बंद आहे, १९९२ चा बिज्जू संरक्षण कायदा त्याहून कडक आहे, तरी चोरून चालतो. म्हणून तोंडावर ताज्या जखमा असलेलं टेरियर दवाखान्यात आलं की डॉक्टर आधी मालकाकडं बघतो. शिकारीचा २००४ चा कायदा २००५ च्या फेब्रुवारीत लागू झाल्यापासून इंग्लंड-वेल्समध्ये बिळात कुत्रं सोडायचं ते एकच, तेही नेमबाजीसाठी राखलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरतं, जमीनमालकाचा लेखी कागद जवळ ठेवून. म्हणजे ताज्या वणाला आता पुरावा लागतो. मानाची खूण आणि गुन्ह्याची खूण एकाच नाकावर, आणि पंचांनी ती वेगळी करायची.

हे वाचता वाचता मी पुस्तक मिटलं. कारण पाखऱ्याची शिवण मला माहीत होती.

ती रानात लागली हे खरं. पण कामात लागली नव्हती. आमच्या विहिरीकडच्या भुईमुगाला रानडुकरं लागली होती. तात्या माळ्यावर राखणीला जायचे, पण पाखऱ्याला घरी बांधून. म्हणायचे, "हे नजरंचं जनावर. रातीला आंधळं. आन् डुकराला भिडायला त्येचं कातडं कागदाचं हाय." एका रात्री तात्या परगावी गेले आणि राखणीला चुलत्याबरोबर मी गेलो. पाखऱ्याला सोडून नेला. मला पोरांना सांगायचं होतं, आमच्या पाखऱ्यानं डुक्कर धरलं. चुलता झोपला होता. खसखस वाजली, मी "छू!" म्हणालो. पुढचं मला फक्त ऐकू आलं.

सकाळी तात्या आले. दवाखान्याच्या कंपाउंडरला आणून टाके घातले. मला एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळंच बहुतेक, मी पुढं ती शिवण मर्दुमकी म्हणून पोरांना दाखवत फिरलो आणि शेवटी माझाच त्याच्यावर विश्वास बसला.

पंचांनी पाखऱ्याला पळवून बघितलं नाही, ही त्यांची चूक होतीच. पाखऱ्या लंगडत नव्हता, पळाला असता तर माळ हलवला असता. पण "हे काय लागलं?" हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्याचं खरं उत्तर रांगेत तात्यांच्या शेजारी धोतराला धरून उभं होतं. तात्यांनी "रानात लागलं" एवढंच सांगितलं, नंबर जाऊ दिला, आणि पोराचं नाव घेतलं नाही.

त्या वर्षीच्या बेंदराची आदली संध्याकाळ मला आठवते. खांदेमळणी होती. तात्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद-तेल चोळलं, घट्ट्यावरनं अंगठा फिरवत, वर्षभराची माफी मागितल्यासारखं. वाटीत थोडं उरलं. मला हाक मारली, "ये इकडं," म्हणाले, आणि वाटी माझ्या हातात दिली. पाखऱ्या ओसरीखाली पडला होता. मी त्याच्या शिवणीला तेल लावलं. त्यानं मान वळवून माझा हात चाटला.

तेव्हा वाटलं होतं, तात्या पाखऱ्याचा मान करतायत.