जीपचे मूळ इंजिन

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन, आणि अध्यक्ष पंडित नेहरू. त्यांची मिरवणूक निघाली ती बैलांच्या रथातून. सजावट चित्रकार नंदलाल बोस यांची. फैजपूरहून सावदा, सावद्याहून रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर असा तिथून रस्ता जातो. बऱ्हाणपूरहून सातपुडा ओलांडून वर गेले की इंदूर. तिथल्या महाराजा यशवंतराव होळकरांसाठी त्याच सुमारास ड्युसेनबर्ग एसजे घडत होती. चॅसिस आणि इंजिन अमेरिकेचे, ६.९ लिटरचे, सुपरचार्जर लावून ३२० अश्वशक्ती देणारे. वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याने बांधलेली. रंग केशरी आणि काळा.

जुन्या मोटारींचा इतिहास सांगायला बसणारा बहुधा इंदूरच्या बाजूने सुरुवात करतो. ते समजण्यासारखे आहे. संस्थानिकांच्या गाड्यांना फोटो आहेत, बिले आहेत, कारखान्यांशी झालेला पत्रव्यवहार आहे. १९७१ साली तनखे बंद झाले तेव्हा यातल्या कितीतरी गाड्या परदेशी गेल्या किंवा जाण्याच्या वाटेवर होत्या. पुढे सरकारने १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. उरलेल्या गाड्या मुंबई-अहमदाबादच्या शौकिनांनी गोळा केल्या. मुंबईच्या प्राणलाल भोगीलाल यांनी शंभराहून अधिक गाड्या जमवल्या आणि अहमदाबादजवळ कठवाड्याला त्यांचे संग्रहालय केले. कोल्हापूरची गोष्ट मात्र वेगळी. छत्रपती राजाराम महाराजांसाठी आणलेली जर्मन मेबॅक आजही नव्या राजवाड्यात आहे आणि सोने लुटायला छत्रपतींचे घराणे तिच्यातूनच दसरा चौकात येते. वर्षातून एका संध्याकाळी का होईना, हजारो लोकांसमोर ती स्वतःच्या इंजिनावर चालत येते. ही गोष्ट काचेमागच्या शंभर गाड्यांपेक्षा अवघड आहे.

खानदेशातल्या रावेरला राजवाडा नाही. तिथे मोटार टिकली ती कामामुळे.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली जोडणीचा कारखाना सुरू केला. तिथून निघालेल्या शेव्हर्ले ट्रकच्या चॅसिसवर सुतार लाकडी सांगाडा चढवत, त्यावर पत्रा ठोकत आणि गावोगावच्या खाजगी सर्व्हिस मोटारी तयार होत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागले तेव्हा मुंबई इलाख्यातल्या अशा कित्येक मोटारींच्या मागे कोळशाची भट्टी बसली. कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू गाळून इंजिनला द्यायचा, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून चालायचे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही वर्षांत खाजगी मोटारींचा काळ सरला. पण त्या मोटारींवर हात काळे केलेले मेस्त्री कुठे जाणार? जुन्या शेव्हर्लेच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतून, ती हाताने खरवडून बसवणारा माणूस कुठल्याही इंजिनाला घाबरत नसे. तालुक्याच्या गावातली गॅरेजे उभी राहिली ती अशा हातांवर.

मग जीप आली.

१९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपचे सुटे भाग मागवून मुंबईत जोडणी सुरू केली. युद्धातल्या मूळ जीपचे इंजिन २,१९९ सीसीचे, ६० अश्वशक्तीचे. नंतरच्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी मध्ये त्याच आकाराचे सुधारलेले इंजिन होते. हेच मॉडेल भारतात पुढे वर्षानुवर्षे बनत राहिले. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की जे देशात भाग बनवणार नाहीत त्यांनी नुसती जोडणी करू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. राहिले ते हिंदुस्तान मोटर्स, वालचंद हिराचंदांचे कुर्ल्याचे प्रीमियर, महिंद्रा आणि आणखी मोजके. पुढच्या तीस वर्षांत खानदेशातल्या माणसाने जी मोटार पाहिली ती याच यादीतली: अँबेसेडर, फियाट, नाहीतर जीप.

त्यातही रावेरच्या मातीला जीपच मानवली. केळीच्या बागांतून जाणारे गाडरस्ते, पावसाळ्यात चाक रुतवणारी काळी जमीन, तापीकडे उतरणारे नाले आणि उत्तरेला पाल गावाच्या बाजूचा सातपुड्याचा चढ. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पंचायत समितीच्या दारात जीप उभी राहिली. आरोग्य केंद्रांना युनिसेफने दिलेल्या जीपही याच काळातल्या. सरकारी जीप थकली की लिलावात निघे आणि शेतकऱ्याच्या खळ्यात येऊन तिचा दुसरा जन्म सुरू होई. लष्कराने काढून टाकलेल्या जीपही याच वाटेने आल्या.

आता एप्रिल-मेमधला रावेर-भुसावळचा उन्हाळा लक्षात घ्या. पारा ४५ अंशांवर. पेट्रोलच्या जुन्या इंजिनाला पंप असतो तो इंजिनाच्याच अंगाला चिकटलेला. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढत राहतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. इलाज सगळ्यांना ठाऊक होता: फडके ओले करून पंपावर गुंडाळायचे, दहा मिनिटे झाडाखाली बसायचे आणि मग हँडल मारायचे. युद्धकाळच्या जीपची बॅटरी सहा व्होल्टची. ती मिळेनाशी झाली तेव्हा डायनामोपासून बल्बपर्यंत सगळे बदलून गाड्या बारा व्होल्टवर आणल्या गेल्या. सिलिंडर झिजला की बोअर करायचा, बोअर संपला की स्लीव्ह टाकायची. नाही मिळाला तो बुश लेथवर पितळेचा काढायचा. परदेशी संग्राहक आज ज्याला रिस्टोरेशन म्हणतो त्यातले निम्मे काम इथे दर हंगामाला होत होते, फक्त त्याचे कोणी फोटो काढले नाहीत.

पण एक काम असे झाले की त्यामुळे जीपचा इतिहासच फिरला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले. डिझेल स्वस्त राहिले आणि सरकारने पुढची चार दशके ते स्वस्त ठेवले. डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले ते थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये. लिटरमागे मोजकेच किलोमीटर देणारी पेट्रोल जीप शेतकऱ्याला परवडेना. योगायोगाने डिझेल इंजिन गावातच होते. महिंद्रांच्या भागीदारीतल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर शेतात चालत होता. त्याच्या इंजिनावरून तयार केलेले साधारण २,३५० सीसीचे डिझेल इंजिन कंपनीने सत्तरच्या दशकात स्वतःच जीपमध्ये घातले. मेस्त्र्यांना आणखी काय हवे? विलीजचे पेट्रोल इंजिन उतरले, माउंटिंग कापून नवीन वेल्ड झाले, पुढचे कमानपाटे जड झाले आणि ट्रॅक्टरचा आवाज काढत जीप पुन्हा कामाला लागली. ऐंशीच्या दशकात प्युजोचे डिझेल इंजिन आले, तेही याच रांगेत बसले. काढलेले पेट्रोल इंजिन काही काळ गोठ्यात पडून राही. मग कधीतरी भंगारवाला येई.

म्हणून आज मूळ इंजिन असलेली जीप दुर्मिळ आहे. आणि म्हणूनच जीप मुळात शिल्लक आहे. इंजिन बदलले नसते तर निम्म्या गाड्या १९८० पर्यंत किलोवर विकल्या गेल्या असत्या. संग्राहकाला हे पटवणे कठीण जाते. त्याला चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक जुळलेले हवे असतात, कारखान्याचा रंग हवा असतो, सहा व्होल्टचे दिवे हवे असतात. त्याची हौस खोटी नाही. चोरबाजारात एखाद्या कार्बोरेटरसाठी तासन् तास घालवणारा माणूस इतिहासाचीच सेवा करतो. पण गाडीवरचे बदल हासुद्धा इतिहास आहे, आणि तो जिल्ह्याचा आहे, कारखान्याचा नाही.

फियाटची गोष्ट वेगळी झाली. कुर्ल्याला १९५४ पासून बनलेली फियाट ११००, पुढे १९६४ ची ११००डी आणि तिचीच पद्मिनी झाली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तिला शेवटपर्यंत जगवले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी मुंबईतली वर्तमानपत्रे हळवी झाली. गावाकडची फियाट मात्र कधीच इतकी बातमीत आली नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळा भाग आणला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे किंवा दुरुस्ती अशा ठराविक कामांसाठीच रस्त्यावर आणायची. आणि मुख्य अट: चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनावर चाळीस वर्षे केळी वाहिलेली जीप या पाटीला पात्र नाही. ती साध्या नोंदणीवरच राहील. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी होणाऱ्या त्या नोंदणीचे शुल्कही १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले.

हा नियम अर्धवट आहे. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा आपल्या ओळखपत्रांत मूळ गाडीबरोबरच त्या काळात बदल केलेल्या गाडीलाही वेगळा गट देते. सत्तरच्या दशकातली डिझेल जीप ही आपल्याकडे नेमकी तशी गाडी आहे. राज्याच्या परिवहन विभागाने आणि जुन्या गाड्यांच्या क्लबांनी हा मुद्दा केंद्रापुढे न्यायला हवा.

तोवर करण्यासारखे एकच. ज्यांच्या वाड्यात किंवा खळ्यावर जुनी जीप, अँबेसेडर किंवा फियाट उभी असेल त्यांनी आरसी बुक शोधून ठेवावे, विशेषतः जळगावच्या एमएच १९ मालिकेच्या आधीचा जुना क्रमांक असलेले. चॅसिसवरचा क्रमांक रंगाखाली दबला असेल तर तो घासून वाचून लिहून काढावा. गाडी कोणत्या खात्याच्या लिलावात, कोणत्या वर्षी घेतली आणि इंजिन कधी, कोणत्या मेस्त्रीकडून बदलले हे घरातल्या थोरल्यांना विचारून त्याच कागदाला जोडावे. आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पेट्रोलचे जुने इंजिन पडलेले असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्या ब्लॉकवरचा क्रमांक त्या आरसी बुकाशी एकदा ताडून पाहावा.