वाढत्या अंगाचे कपडे

मराठी घरांत लहान मुलाचा कपडा अंगाबरोबर शिवत नसत. तो वाढत्या अंगाचा शिवत. पहिल्या वर्षी सैल, दुसऱ्या वर्षी नेमका आणि तिसऱ्या वर्षी थोडा उसवून, थोडा जोडून पुन्हा वापरात, असे त्याचे आयुष्य असे. ही रीत निव्वळ गरिबीतून आली असे मानणे अर्धवट ठरेल. कापड महाग होते हे खरेच. पण खाऊनपिऊन सुखी घरांतही मुलांचे कपडे असेच बेतले जात. शिवाय वाढवण्याची सोय कपडा आखूड झाल्यावर शोधली जात नसे, कात्री लावतानाच ती ठरलेली असे.

तान्ह्या बाळाच्या अंगाला बारशापर्यंत नवे कापड लावायचे नाही, असा अनेक घरांतला दंडक होता. जुन्या धोतराची नाहीतर लुगड्याची धुऊन धुऊन मऊ झालेली फडकी वापरत, किंवा नात्यातल्या धडधाकट मुलाचे उतरलेले झबले मागून आणत. दृष्ट लागू नये ही त्यामागची समजूत. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते, हे कारण कोणी बोलून दाखवत नसले तरी तितकेच खरे होते. बारशाला आजोळहून आणि आप्तांकडून बाळंतविडा येई. त्यात झबली, टोपडी, दुपटी आणि डोक्यावरून पाठीवर सोडायची कुंची असे. खणाच्या किंवा रेशमी कुंचीला सहसा कात्री लावत नसत. ती भावंडांत फिरे आणि मग ट्रंकेत जपून ठेवली जाई. वाढवले जाई ते झबले.

झबल्याचा बेत हातमागाच्या कापडावर ठरलेला होता. धोटा हाताने फेकायचा असल्याने कापडाचा पन्हा विणकराच्या हातांच्या पोचेबाहेर जात नसे, आणि एवढे कष्टाचे कापड गोलाईत कापून चिंध्या करणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून झबले जवळजवळ सरळ रेषांत कापत: आयताकृती अंग, आयताकृती बाह्या, गळ्याला तेवढा गोल काप आणि बटणांऐवजी बंद. सरळ शिवण उसवायला सोपी आणि तिच्यात पट्टी घालायलाही सोपी. मूल रांगू लागले, बंद ओढूनताणून बांधावे लागू लागले, की दोन्ही कुशींच्या शिवणी उसवून दोन बोटे रुंदीची पट्टी घालत. काखेत ताण येतो तिथे एक चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा करून बसवत. त्यामुळे मुलाने हात वर केला तरी बाही उसवत नसे. मोठ्या माणसांच्या अंगरख्यातही हीच युक्ती होती. मनगटाला अपुरी पडणारी बाही कोपरापाशी छाटत आणि निघालेले कापड त्या काखेच्या तुकड्यांना लावत. उंचीसाठी तळाला निराळ्या रंगाचा गोट. एवढे केले की तान्हेपणीचे झबले चालत्या मुलाची बंडी होई. गावगाड्यात शिंपी अलुतेदारांत मोजला जाई, पण असली कामे त्याच्याकडे क्वचितच जात; ती घरातल्या बायका धावदोरा आणि उलटी टीप घालून हातानेच उरकत.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि 1856 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या काही दशकांत मोठ्या पन्ह्याचे गिरणीचे कापड गावोगाव पोचले. त्याच सुमारास शिवणयंत्र आले. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये यंत्राचे पेटंट घेतले होते. 1870 च्या दशकात सिंगर कंपनीने हिंदुस्थानात जम बसवायला सुरुवात केली. यंत्र आधी शिंप्याच्या दुकानात गेले आणि हप्त्यांच्या सोयीमुळे हळूहळू पांढरपेशा घरांत आले. यंत्रयुगाचे कडवे टीकाकार असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मोकळीक दिली. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र बाजारात आणले. पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने निघालेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना त्यातून चार पैसे मिळवण्याचा मार्ग खुला झाला.

यंत्रासोबत उतरते खांदे, गोल मुंढे आणि फ्रॉक आले. असा अंगासरशी बसणारा कपडा मध्ये पट्टी घालून वाढवला तर बेढब दिसतो. म्हणून वाढीची सोय शिवणीच्या आत गेली. पोलक्याच्या कुशीला इंच-सव्वा इंच माया ठेवत. वर्षाने जुनी टीप उसवून कडेजवळ नवी मारली की पोलके पुन्हा अंगात जाई. परकराचे तंत्र याहून देखणे होते. कमरेला नेफा आणि नाडी, त्यामुळे घेराची चिंता नाही, प्रश्न उंचीचा. शिवतानाच काठाच्या वर आडव्या दोन-तीन टका घालत. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटे, पण दर वर्षी त्यांतली एक उसवली की परकर दोन-अडीच इंच खाली येई. या टकांना बारीक टीप घालत नसत, लांब टाके घालत, म्हणजे उसवताना कापडाला इजा होत नसे. अडचण एकच: घडीच्या आत राहिलेल्या कापडाचा रंग उडालेला नसे आणि उसवल्यावर गडद पट्टा उठून दिसे. त्यावर फीत किंवा लेस लावत. जुन्या परकरांवरची फितींची रांग बहुतेक वेळा हौसेपेक्षा या गरजेने आलेली असे.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. सरकारने 1943 मध्ये कापड आणि सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला आणि जाडेभरडे ‘स्टँडर्ड’ कापड ठरावीक दराने विकायला आणले. इंग्लंडमध्ये 1941 पासून कपड्यांचे रेशनिंग होते आणि जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याच्या सूचनांची पुस्तिका तिथल्या सरकारने त्याच 1943 साली छापली. मराठी घरांना असल्या पुस्तिकेची गरज नव्हती.

कपडा वाढवण्यापलीकडे गेला की धाकट्याकडे जाई. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे शिवत, तेव्हा घर बँडपथकासारखे दिसे. या प्रथेचा खरा फायदा पुढे होई. थोरल्याच्या विरलेल्या सदऱ्याचा धड भाग धाकट्याच्या सदऱ्याला जोडला तरी रंग आणि चौकडा जुळे. शेवटी उरलेल्या तुकड्यांची गोधडी होई, नाहीतर गठ्ठा बोहारणीच्या भांड्यांवर जाई.

ही रीत मागे पडली त्याचे श्रेय सुबत्तेला देतात, पण कापड आणि शिलाई बदलली हेही तितकेच मोठे कारण आहे. 1960 च्या दशकापासून टेरिलिन आणि टेरिकॉट पसरले. हे कापड विरत नाही, पण इस्त्रीने त्यात बसलेली घडी जात नाही आणि उसवलेल्या टिपेची भोके बुजत नाहीत. पुढे होजिअरीचे तयार कपडे आले. ते घरच्या साध्या यंत्रावर शिवले तर ताणले की टीप तुटते. मोठा फरक ओव्हरलॉक यंत्राने केला. ते कड शिवता शिवताच जादा कापड छाटून टाकते. कारखान्याच्या हिशेबात एका कपड्यामागे वाचलेला इंचही मोलाचा असतो. अशा फ्रॉकची कूस उसवली तर आत मायाच सापडत नाही. त्यात तयार झबले घरच्या शिलाईपेक्षा स्वस्त पडू लागले, आणि उसवण्याजोगे जे होते तेही कोणी उसवीनासे झाले.

शाळेच्या गणवेशात मात्र ही पद्धत टिकून आहे. तालुक्याच्या गावचा शिंपी आजही जूनमध्ये स्कर्टच्या तळाला तीन-चार बोटे कापड दुमडून ठेवतो आणि ते हातशिलाईने टाचतो. पुढच्या जूनमध्ये ती दुमड घरीच सोडतात.